दोन बावटे

नाणेखोलच्या वळणावर मी दोन वर्षं सात महिने उभा होतो,
एका हातात लाल, एका हातात हिरवा.
फिटरचा आयटीआय करून मिळालेली पहिली नोकरी:
अलीकडच्यांना थांबवायचं, पलीकडच्यांना सोडायचं,
शिव्या दोन्हीकडच्यांच्या खायच्या.

माझ्या मागे पाटी. काम चालू, वाहने सावकाश हाका.
खाली काम पुरं होण्याचं साल.
दर मे महिन्यात बाबल्या पेंटर स्कूटरवरून यायचा,
जुन्या सालावर पांढरा हात मारायचा,
नवं काढायचा, सुबक, शेपटीवाल्या आकड्यांत.
"औंदा खडूनंच काढू काय?" त्यानं एकदा विचारलं.
मुकादम हसला नाही.

डोंगर कापला तेव्हा तो आतून कसा ते कळलं:
वर काळा कातळ, खाली जांभा,
त्याखाली शेडी, ओली, हळदीच्या फडक्यासारखी.
एवढी वर्षं त्याच्या पाठीवर राहिलो,
पोट कुणी बघितलं नव्हतं.
सुरुंग दुपारी दोनला.
शिट्टी झाली की मुश्ताकचाचा
गोटीसोड्याचा क्रेट कुशीत धरायचे, पोर धरावं तसा.
पांचाळांच्या विहिरीचा तडा सुरुंगानं की आधीचाच,
यावर तीन पंचनामे झाले.
पाणी चौथ्याची वाट बघत थांबलं नाही.

आमचे गेले दोन गुंठे.
सातबाऱ्यावर एकेचाळीस नावं.
नऊ मयत, सहा विरार-नालासोपाऱ्यात,
आणि एक नुसताच 'धाकू'.
हा कोण, कुणाचा, कुणालाच सांगता येईना.
त्याच्या वारसाची सही मिळेपर्यंत पैसे कोर्टात.
रस्ता मात्र धाकूसाठी अडला नाही.

आणि हेही लिहायला हवं, नाहीतर खोटं होईल:
रुबिनाला रात्री कळा सुरू झाल्या तेव्हा
न उघडलेल्या लेनवरची पिंपं मीच बाजूला सारली.
जीप सरळ गेली, मागचे दिवे बारीक होत होत.
पस्तीस मिनिटांत इस्पितळ.
जुन्या घाटीनं दीड तास,
आणि त्या घाटीत माझी काकी गेलेली.
मुलीचं नाव छानसं काहीतरी आहे,
तिचा मामा तिला फोरलेन म्हणतो.

मग एक दिवस खरंच पुरं झालं.
पाटी काढली. बाबल्याचं शेवटचं सालही चुकीचंच निघालं.
चाचांचं दुकान आता सोळा फूट खाली.
सोडा मागायला कुणी उतरत नाही,
वरून ट्रेलर गेला की बाटल्यांतल्या गोट्या तेवढ्या वाजतात.
एसटीही वरूनच.
पलीकडच्या शेतात जायला दीड किलोमीटर फिरून, मोरीतून.
माणसं शिकली.
म्हशी नाही शिकल्या.

इंदुमती गोरुल्यांच्या चार.
रोज साडेपाचला खाडीकडून चढून येतात
आणि कडेच्या पत्र्याला नाकं लावून उभ्या राहतात.
समोर गोठा दिसत असतो.

माझं कंत्राट संपलं होतं.
हिरव्या बावट्यावर आईनं आमसुलं वाळत घातलेली,
तो हिरवा राहिला नव्हता.
लाल घेऊन मी वर गेलो.
कुठले पत्रे नीट आवळलेले नाहीत ते मला ठाऊक होतं,
आवळणारा मीच होतो.
दोन सरकवले, आणि चार लेनच्या मधोमध हात आडवा केला.

एक पांढरी गाडी करकचून थांबली. काच खाली आली.
"अजून काम चालू आहे का इथं?"
"हो," म्हटलं.

म्हशी निघाल्या, घाई न करता, आपल्या जुन्या वाटेनं.
शेवटची मधल्या पट्ट्यावर थांबली,
शेण टाकलं,
मग गेली.